अनुभव धागा: कॉम्प्युटरमधलं बिऱ्हाड कोणी कोणी हलवलंय?

बिगरीतला

मंडळी, कॉम्प्युटरची सिस्टिम (विंडोज, लिनक्स, मॅक) बदलण्याच्या अनुभवांचा धागा मी काढलाय तर सुरुवात मीच करतो. घरचा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, तक्रार काहीच नव्हती. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ घालायचं तर इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर पाहिजे, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, म्हणजे आपला पत्ता कट. दुकानवाला म्हणाला नवीन घ्या. चालती सायकल भंगारात द्यायची का, असं झालं मला.

मग मामेभावाने सांगितलं विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम घालून बघ. आधी पेनड्राइव्हवर घ्यायचं, साधारण ३ जीबीची फाइल असते, रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्याच्यावरून सुरू करायचा. हे मला माहीतच नव्हतं की काहीही न पुसता नुसतं चालवून बघता येतं! वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा चालतोय का, सगळं तिथेच तपासलं आणि मग दोन दिवसांनी धीर करून खरंच घातलं, विंडोज शेजारी ठेवूनच.

पहिला झटका म्हणजे माझा डी ड्राइव्ह कुठे गेला? आपल्याकडे सगळ्यांचा संसार डी ड्राइव्हमधे असतो ना. इथे सी नाही डी नाही, डाव्या बाजूला नुसतं '४८० जीबी व्हॉल्यूम' असं लिहिलेलं, तर तोच तो निघाला, पण तोवर अर्धा तास माझ्या पोटात गोळा. दुसरं म्हणजे मी सवयीने वेबसाइटवरून विंडोजची डॉट-ईएक्सई फाइल उतरवून डबल-क्लिक करत बसलो. मोबाइलसारखं एकाच दुकानातून सगळं घ्यायचं असतं हे कळायला आठवडा गेला.

तुमचे अनुभव लिहा. विंडोजवरून लिनक्स, मॅक, उलटं, काहीही चालेल. पहिल्या पंधरा दिवसांत काय नडलं ते जरूर लिहा. कुठली सिस्टिम भारी यावर हाणामारी नको, त्यासाठी वेगळा आखाडा काढा.

सांगलीकर_०८

तुम्हा लोकांचे लाड आहेत राव. मी २००८ मधे उबुंटू (तेही एक लिनक्सच) घातलं तेव्हा त्याची सीडी फुकट पोस्टाने यायची, फॉर्म भरायचा आणि कित्येक आठवडे वाट बघायची. सीडी आली तेव्हा हॉस्टेलवर जत्रा. घातलं, सुंदर दिसलं, आणि मग गाणं लावलं तर एमपी-थ्री वाजेना! कोडेक, म्हणजे गाणी वाजवायला लागणारे छोटे प्रोग्राम, वेगळे टाकावे लागायचे आणि ते नेटवरून, आणि रूमवर नेट नव्हतं.

मग काय, सायबर कॅफेत जायचं, पॅकेज म्हणजे प्रोग्रामची फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, रूमवर येऊन टाकायची तर ती म्हणणार मला आधी अमुक पॅकेज पाहिजे, की परत सायकलवर टांग. ते आणलं तर त्याला अजून दोघं पाहिजेत. लग्नात एका पाहुण्याला आमंत्रण दिलं की त्याच्याबरोबर अख्खी जीप येते तसं. चौथ्या खेपेला कॅफेवाला मला बघून हसायला लागला. रात्री साडेनऊला गाणं वाजलं तेव्हा आख्खी विंग रूममधे होती, आणि गाणं कुठलं ते विचारू नका.

अजून एक. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, त्यात पासवर्ड टाइप करताना तेव्हा स्क्रीनवर काहीच उमटायचं नाही, चांदण्या पण नाहीत. मला वाटलं कीबोर्ड गेला. मी चक्क शेजारच्याचा कीबोर्ड आणून लावला होता.

पोहेचटणी

@सांगलीकर, कीबोर्ड 😂😂

माझं मॅक. नोकरी बदलली, नव्या ऑफिसने पहिल्या दिवशी हातात मॅकबुक दिला, मागितला नव्हता. दहा वर्षं विंडोजवर काढलेली. कंट्रोल-सी मारतेय, काही कॉपी होत नाही. कमांड-सी असतं ते कळलं पण डोक्याला, करंगळीला नाही, करंगळी आपली कंट्रोलवरच. फाइल निवडून एंटर दाबलं की उघडायच्या ऐवजी नाव बदलायला मागते, आणि मी तशात पटकन टाइप करून मोकळी, त्यामुळे एका शीटचं नाव दिवसभर 'ककक' होतं आणि ती टीमच्या फोल्डरमधे होती.

लाल गोळी दाबली की प्रोग्राम बंद झाला असं मी तीन आठवडे समजत होते. तो बंद होत नाही, नुसती खिडकी मिटते. एकदा आयटीवाल्या दादाने बघितलं तर खाली चौदा प्रोग्राम उघडे. मॅडम कमांड-क्यू, म्हणाला, एवढंच. आणि फाइल कट करायची तर कट नाहीच, कॉपी करायचं आणि पेस्ट करताना कमांडसोबत ऑप्शन पण धरून व्ही दाबायचं. का ते मला आजही पटलेलं नाही.

खरा वैताग मात्र हार्डडिस्कचा. लग्नाचे फोटो असलेली डिस्क लावली, फोटो दिसतात, पण नवीन काही टाकता येईना. ती एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि मॅक ते नुसतं वाचतो, लिहीत नाही. सगळं दुसरीकडे उतरवून डिस्क एक्सफॅट करून घेतली मग दोन्हीकडे चालायला लागली. कोणी मॅकवर जात असेल तर हे आधीच करून ठेवा.

आता? आता घरच्या विंडोजवर कमांड शोधते.

छापखाना

माझा अनुभव न हलवण्याचा आहे, चालेल का?

आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम, लग्नपत्रिका, बिलबुकं, दिवाळीच्या आधी दोन महिने झोप नाही. वीस वर्षांच्या फाइली पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्राममधे आणि श्रीलिपीच्या मराठी फॉन्टांत. मुलगा मागे लागला बाबा लिनक्स घ्या, फुकट आहे, व्हायरस नाही. त्याने एका मशीनवर घालून दिलं पण. जुनी फाइल उघडली तर मराठीच्या जागी नुसते इंग्रजी खिळे विस्कटल्यासारखे. मुलगा म्हणाला फॉन्ट कॉपी करून टाकू, टाकला तर वर्डमधली पत्रं दिसायला लागली हे खरं, पण टाइप कसं करणार, माझा तो कीबोर्ड श्रीलिपीच्या सॉफ्टवेअरबरोबर येतो. आणि पेजमेकर तर नाहीच. या जुन्या फॉन्टांत अक्षर दिसतं मराठी पण आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षराच्या खुंटीवर, युनिकोडसारखं नाही, तिथे मराठी अक्षराला स्वतःची जागा असते. कन्व्हर्टर मिळतात, पण शंभरातल्या दोन जोडाक्षरांचा घोळ होतोच, आणि पत्रिकेत आजोबांचं नाव चुकलं तर नातेवाईक दारात.

म्हणून आमच्याकडे एक जुन्या विंडोज एक्सपीचं मशीन अजून आहे. त्याला नेटची वायर लावलेली नाही, पेनड्राइव्ह पण माझ्याशिवाय कोणी लावायचा नाही. नवीन कामं युनिकोडमधे दुसऱ्या मशीनवर. दोन संसार चाललेत, काय करता.

निवृत्त_कारकून

छापखानावाल्यांशी सहमत, पण माझ्यासारख्याला जमलं म्हणून लिहितो. वय ७३. मी विंडोजच्या आधीच्या डॉसवर वर्डस्टार हा लिहायचा प्रोग्राम चालवलेला माणूस आहे, कंट्रोल-के-एसने सेव्ह केल्याशिवाय जेवायला उठायचो नाही. मग विंडोज ९५, मग एक्सपी (त्याचा सपोर्ट २०१४ च्या एप्रिलमधे बंद झाला तेव्हाही असाच गलका झाला होता), मग ७, मग १०. तेव्हा हे काही माझं पहिलं बिऱ्हाड नाही. मुलगी टोरांटोहून सुट्टीत आली आणि मिंट घालून गेली.

माझी गरज तीन गोष्टींची, बँकेची साइट, मेल, आणि मराठीत पत्र. पत्राचीच भीती होती. पण मी इन्स्क्रिप्ट हा मराठीचा प्रमाण कीबोर्ड शिकलेलो होतो आणि तोच कीबोर्ड इथे सेटिंगमधे आयता आहे, विंडोजमधे आहे, मॅकमधेही आहे असं म्हणतात. बोटांना नवीन काही शिकावं लागलं नाही. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय आहे त्यांना मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी पद्धत मिळते, थोडं चाचपडावं लागतं.

या धाग्याच्या नावात बिऱ्हाड आहे म्हणून सांगतो, हे अर्ध्या र चं लिहिताना बरेच जण अडतात, कोणी 'बिर्हाड' करून ह च्या डोक्यावर रफार देतं. इन्स्क्रिप्टमधे शिफ्ट धरून जे दाबा, म्हणजे खाली टिंब असलेला र येईल, मग डी म्हणजे हलन्त, मग ह. दुसऱ्या, तऱ्हा, सगळं असंच.

बिगरीतला

काका, खरं सांगतो, नाव मी मोबाइलवरून कॉपी-पेस्ट केलंय 🙈 आज करून बघतो.

हिशेबनीस

मी परत फिरलेला. अकाउंटचं काम, टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते). सही टोकनवरची लिनक्सवर चालवायचा खटाटोप दोन रात्री केला, रिटर्नची शेवटची तारीख डोक्यावर आली तेव्हा हात जोडले आणि विंडोजमधे गेलो. ज्याचं पोट एखाद्या ठरावीक सॉफ्टवेअरवर आहे त्याने आधी ते सॉफ्टवेअर बघावं, मग सिस्टिम.

पण दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवल्या होत्या त्या काळातली गंमत सांगतो. लिनक्समधून विंडोजमधे आलं की घड्याळ चुकलेलं. सकाळी ११ वाजता विंडोज सांगतंय साडेपाच. मला वाटलं आतला सेल गेला. दुकानात नेला, सेल बदलला, चार दिवसांनी परत तेच, दुसरा सेल. दुकानवाला पण चक्रावला. शेवटी एका मित्राच्या लक्षात आलं की दरवेळी बरोब्बर साडेपाच तासच मागे आहे! लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतो आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतो. टर्मिनलमधे एक ओळ टाकून लिनक्सला सांगितलं की बाबा स्थानिक वेळच ठेव, विषय संपला. दोन सेल मात्र फुकट गेले.

गपगुमान

नेहमी नुसती वाचते, आज लिहिते कारण कोणाचं तरी वाचेल.

इन्स्टॉल करताना एक पर्याय येतो 'डिस्क पुसून घाला' आणि एक 'शेजारी घाला'. मी रात्री एक वाजता पहिला निवडला. २०११ ते २०१७ चे फोटो, माझ्या आजीचे शेवटचे, त्या एकाच डिस्कवर होते. रिकव्हरीवाल्याने थोडे काढून दिले, नावं गेलेली, निम्मे अर्धवट राखाडी. दोष कोणाचा नाही, समोर स्वच्छ लिहिलेलं होतं. आधी बॅकअप घ्या आणि घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. आणि नव्या लॅपटॉपमधे बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असतं बऱ्याचदा, त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर मधेच ती मागितली तर स्वतःच्याच दाराबाहेर उभं रहायची वेळ.

सांगलीकर_०८

@गपगुमान, वाईट वाटलं. आजीचा एखादा तरी मिळाला का?

गपगुमान

एक आहे. तुळशीजवळचा. अर्धा.

चहाबाज

प्रिंटरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वायफायवरचे अलीकडचे प्रिंटर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) न टाकता आपोआप दिसतात, लिनक्सवर मला मॅन्युअल उघडावं पण लागलं नाही. गोची होते ती जुन्या यूएसबी लेझरची, काही मॉडेलांचं सगळं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो आणि तो नसला की प्रिंटर म्हणजे ठोकळा. पेनड्राइव्हवरून चालवून बघाल तेव्हाच एक पान छापून बघा.

जाता जाता, आमची भाची केरळात सरकारी शाळेत आहे, तिथे शाळेतले कॉम्प्युटर लिनक्सवरच चालतात, कित्येक वर्षांपासून. ती पुण्याला आली की आमच्या विंडोजला नावं ठेवते. तिच्यासाठी 'बिऱ्हाड हलवणं' म्हणजे आमच्याकडे येणं.

बिगरीतला

सगळ्यांचे आभार, बॅकअप आज दुसऱ्या डिस्कवर घेतला आणि उघडून पण बघितला. काका, जमलं: बिऱ्हाड, बिऱ्हाड, बिऱ्हाड.

एक सांगायचं राहिलं. लॅपटॉप मुख्यतः आई वापरते दुपारी. मी पंधरा दिवस तिला घाबरत सगळं समजावत होतो, हा मेनू, हे फोल्डर, ती हो हो म्हणत होती. काल विचारलं काही अडतंय का, तर म्हणाली बाकी सगळं ठीक आहे रे, पण माझा पत्त्यांचा डाव कुठे ठेवलास? सॉफ्टवेअरच्या दुकानातून सॉलिटेअर उतरवून दिला, त्यात ऐंशीच्या वर डाव आहेत. आता तिला स्पायडर हवाय. तो त्याच यादीत कुठेतरी आहे म्हणतात, कोणाला सापडलाय?