गाडी लोअर केल्यापासून पिकअपला थरथर, फाउंडेशन की एक्सल?

स्विफ्टवाला सांगली
मंडळी मदत हवीये. 2014 ची पेट्रोल स्विफ्ट, गेल्या महिन्यात 40 एमएम खाली घेतली, फक्त स्प्रिंग बदलल्या. तेव्हापासून सेकंड-थर्डला जोरात पिकअप घेतला की अख्खी गाडी थरथरते, पाय काढला की शांत, आयडलला काहीच नाही. काम केलेले म्हणतात इंजिन खाली गेलंय, फाउंडेशनखाली (इंजिन ज्या रबरी माउंटवर बसतं ते) वॉशर टाकून वर उचलू. मला पटत नाहीये, बाबापण हीच गाडी चालवतात त्यामुळे जुगाड नको.

पिटमधला
वॉशर अजिबात टाकू देऊ नका भाऊ. इंजिन बॉडीलाच बांधलेलं असतं, बॉडी खाली आली की तेही सोबत येतं, फाउंडेशनला काही फरक पडत नाही. बदलतो तो एक्सलचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा कोन, कारण चाक जागेवरच आहे आणि गिअरबॉक्स खाली आलाय. गाडी चारही चाकांवर पिटवर उभी करून खालून बघा, जॅकवर नको, चाकं लोंबली की कोन भलताच दिसतो. फक्त लोडवर थरथर म्हणजे माझा संशय एक्सलच्या आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर. तिथं एका कपात तीन रोलर असतात, ते वर्षानुवर्षं कपात खाचा पाडतात आणि आता कोन बदलल्यामुळे वेगळ्या जागी चालतायत. वळताना कटकट असती तर बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट म्हटलं असतं.

कोल्हापूरकर
सहमत. पण काम करताना फाउंडेशन किंवा लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारे दांडे) सैल केले होते का तेवढं विचारा. ताणात कसलं तर रबर पिळलेलंच राहतं. इंजिनला खालून लाकडी ठोकळा लावून जॅकचा आधार द्या, फाउंडेशनचे बोल्ट थोडे सैल करा, इंजिन हलवून आपोआप बसू द्या आणि मग टॉर्क रेंचने कसा. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे कसायचे, हे बरेच जण करत नाहीत आणि मग बुश लवकर फाटतात. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) सरकलेला असणारच, तसंच चालवलं तर टायर आतून खातो. मागे दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा बीम आहे, तिथं अ‍ॅडजस्ट करायला काही नाही.

स्विफ्टवाला सांगली
विचारलं, गिअरबॉक्सकडचं फाउंडेशन सोडलं होतं म्हणाले. काल सांगितलं तसं बसवून घेतलं, टो पण बराच बाहेर होता तो सेट केला. थरथर निम्म्याहून कमी झाली पण थर्डला अजून आहे आणि डाव्या एक्सलच्या आतल्या बुटाला (जॉइंटवरच्या रबरी कव्हरला) ग्रीस दिसतंय. रविवारी तो जॉइंट उघडतोय, कपाचे फोटो टाकतो.