फूड बँकेच्या शिध्यावर महिना काढायचाय, सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी. मी दर आठवड्याला फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या संस्थेत, वाटपाच्या पिशव्या भरायला जाते. पण त्या पिशवीवर घर चालवणं म्हणजे काय, ते मला खरंच माहीत नाही. म्हणून महिनाभर तेवढ्यावरच राहायचं ठरवलंय. रांगेत उभी राहिले तर एका गरजूचा वाटा जाईल, ते नको. पिशवीतली यादी उतरवून तेच सामान स्वतः विकत घेईन आणि तितकंच तिथे देईन. हे योग्य वाटतं का?

1967 मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक काढली, तीच मुळी वाया जाणारं चांगलं अन्न गरजूंना देण्यासाठी. त्यामुळे बहुधा येईल ते घ्यायचं, निवड फारशी नसते. डबाबंद जास्त, ताजं कमी. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी सांगा, ताज्या भाजीची उणीव कशी भागवलीत? डब्यातल्या जास्तीच्या मिठाचं काय केलंत?

आणि एक, हे जरा नाजूक आहे. रांगेतला संकोच मला कळणार नाही, महिना संपला की मी सुटणार. तिथे येणाऱ्यांशी याबद्दल बोलू का, की त्यांना ते बोचेल?