शब्दचर्चा : 'लोभ असावा' म्हणजे नेमकं काय असावं?

खामलेकरीण :
गेल्या थंडीत भाचीला कानटोपी विणून पाठवली. ती बंगळूरला असते. तिथे कानटोपीचं काय काम, हे विचारू नका, लोकर उरली होती. सोबत वेगळं पोस्टकार्डही टाकलं, पन्नास पैशांचं. तेच पार्सलच्या आधी पोचलं. कार्डाच्या तळाशी सवयीने लिहून गेले, 'कळावे, लोभ असावा.' टोपी पोचल्यावर तिचा फोन : "मावशी, थँक्यू! पण लोभ तर षड्रिपूंतला ना? तो का असावा?"

मी हसले, पण उत्तर सुचेना. मग दुसरंच डोक्यात शिरलं. तिने जे थँक्यू म्हटलं ते मराठीत कसं म्हणायचं? 'आभारी आहे' म्हणाली असती तर मला वाटलं असतं, रुसली. 'कृतज्ञता' म्हटलं की शाल-श्रीफळ आलंच. कुणी टोपी विणून दिली, वाचून झालेलं पुस्तक दारात ठेवून गेलं, चार ओळींचं पत्र टाकलं, तर त्याबद्दल जे वाटतं त्याला घरच्या मापाचा शब्द आहे का आपल्याकडे?

कोशवाळवी :
आधी लोभाचं बघू, ताई. भाचीचं चूक नाही, पण अर्धंच बरोबर आहे. संस्कृतात लोभ म्हणजे हाव. मराठीने ती हाव ठेवली आणि शेजारी मायाही बसवली. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही अर्थ सापडतील. 'लोभस' मूल म्हणतो तेव्हा ते हावरट नसतं. 'रागलोभ' हा जोडशब्द तर मला फार आवडतो. संस्कृतात 'राग' म्हणजे आसक्ती, प्रेम ('अनुराग'मध्ये ते अजून शिल्लक आहे) आणि लोभ म्हणजे हाव. म्हणजे दोघं एकाच बाजूचे. मराठीत आल्यावर राग संतापला, लोभ निवला आणि दोघं समोरासमोर उभे राहिले. 'रागलोभ नसावा' म्हणताना आपण त्यांना विरुद्धार्थीच धरतो.

तेव्हा पत्रातला लोभ म्हणजे जीव लावणं. फक्त एक खोड काढतो. आमच्या घरी 'लोभ असावा' बरोबरीच्यांना किंवा मोठ्यांना लिहीत. भाचीला 'अ. उ. आ.', म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. लोभ धाकट्यांकडे मागत नसत.

खामलेकरीण :
आता या वयात धाकट्यांकडेच मागावा लागतो हो.

बर्डीकर :
विषय थोडा सोडतो, पण लोकरीवरून आठवलं. आपल्या नागपुरात कितीक जण लोकर म्हणतच नाहीत, 'ऊन' म्हणतात. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी घरात येऊन-जाऊन. एकदा मे महिन्यात आईने पुण्याच्या मामीला फोनवर सांगितलं, "दुपारी ऊन घ्यायला इतवारीत जाऊन आले." मामी घाबरली. "अहो वन्सं, पंचेचाळीस डिग्रीत ऊन घ्यायला?"

कोशवाळवी :
वा! दोन्ही ऊन वेगवेगळ्या घरचे. आपलं उन्हाळ्यातलं ऊन 'उष्ण'पासून. हिंदीतलं लोकरीचं ऊन 'ऊर्णा'पासून. कोळ्याला 'ऊर्णनाभ' म्हणतात ते त्यामुळेच, बेंबीत लोकर असलेला. आणि तिसराही एक ऊन आहे, 'कमी' या अर्थाचा. उणे, पाऊण, एकोणीस यांत तोच लपलाय. (नागपूरकरांना पहिल्या उन्हाची माहिती द्यायला नको.)

बरं, ताईंचा दुसरा प्रश्न. 'आभार' आणि 'धन्यवाद' लोक एकाच क्रियापदाला जुंपतात, ते खटकतं. आभार मानतात, धन्यवाद देतात. धन्यवाद म्हणजे समोरच्याला 'धन्य' म्हणणं, म्हणून ते द्यायचे. आभार आपल्याकडे घ्यायचे, म्हणून मानायचे. 'आभार दिले' कुठल्याही सूत्रसंचालकाने म्हणू नये. पण घरच्या मापाचे हे दोन्ही नाहीत, हे खरं.

बर्डीकर :
'उपकार' तर त्याहून जड. तो फेडावा लागतो, 'ऋण'सारखा. टोपीचा हप्ता कोण भरणार?

वर्धा रोड :
मी फारसा लिहीत नाही, वाचतो. माझी आज्जी शाळेत गेली नव्हती. थँक्यू नाही, आभार नाही, काहीच म्हणायची नाही. पण तिच्याकडे एक शब्द होता. शेजारचा पोरगा तिला पोस्टातून आलेलं पत्र वाचून दाखवायचा, मग ती त्याच्यासाठी बोरं बाजूला काढून ठेवायची. पोरगा मोठा झाला, नोकरीला लागला, तरी गावात आला की ओट्यावर टेकून जायचा. तो गेला की आज्जी म्हणायची, "पोराले जाण हाये." एवढंच.

कोशवाळवी :
हाच तो शब्द. मी संस्कृतात फिरत बसलो आणि हा घरातच होता. 'कृतज्ञ' म्हणजे कृत + ज्ञ, केलेलं जाणणारा. 'ज्ञ'चा धातू ज्ञा, आणि आपलं 'जाणणे' त्याच कुळातलं. म्हणजे कृतज्ञता शाल पांघरून व्यासपीठावर बसते आणि जाण घरात लुगडं खोचून काम करते. उलट बाजूही बघा. 'कृतघ्न'मधला 'घ्न' म्हणजे मारणारा, केलेल्याचा घात करणारा. घरात त्यालाही आपण साधंच म्हणतो, 'त्याला काही जाण नाही.'

क्रियापदंही बघा. जाण असते, ठेवली जाते. ती मानायची नाही, द्यायची नाही, फेडायची तर नाहीच.

खामलेकरीण :
वर्धा रोड, तुमच्या आज्जीचा शब्द घेतला.

मलाही एक आठवलं. समोरच्या काकूंना एक जुनं पुस्तक वाचायला दिलं होतं, पुठ्ठा निखळलेलं. तीन महिन्यांनी परत आलं. पुठ्ठा डिंकाने चिकटवलेला, वर खाकी कागदाचं कव्हर, कोपरे आत दुमडून. खूण म्हणून आत माझीच निळी लोकर, बोटभर, टोकाला गाठ मारलेली. तोंडाने म्हणाल्या काय, तर "अक्षर फार बारीक आहे हो." मी तेव्हा मनात जरा नाराजच झाले होते. आता कळतंय, ती जाण होती.

भाचीला दुसरं कार्ड टाकलं. लोभाचं सगळं लिहिलं, रागलोभासकट, पाठीमागे जागा पुरेना म्हणून पत्त्याशेजारीही. खाली 'लोभ आहेच, वाढवावा' लिहिलं. कोशवाळवींनी खोड काढली तरी चालेल.

उत्तरादाखल फोटो आलाय. माझी कानटोपी चहाच्या किटलीला घातलीय, दोन्ही कान नळीच्या खाली गाठ मारून. "मावशी, चहा अर्धा तास गरम राहतो." हिला जाण आहे म्हणावं की नाही?