मुलीला दोतोर्नला घालावं का? शेवटच्या बाकावरचा प्रश्न

वाळवंटीकाठ
मी डिचोली तालुक्यातली. घर ख्रिस्तांव, शाळा मराठी, त्यामुळे बाराखडी आणि ‘आमच्या बापा, सर्गींच्या’ एकाच वर्षी पाठ झाली. संध्याकाळी सातला आजी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू करायची. शेजारच्या काकू आपल्या तुळशीपुढे दिवा लावून आमच्या पायरीवर येऊन बसत आणि तेर्स संपेपर्यंत एक शब्द बोलत नसत. माझ्यासाठी देव म्हणजे ती पायरी. त्याच्याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही.

शंका आहे ती त्याच्या नावानं चालणाऱ्या कारभाराविषयी, आणि ती आली माझ्या मावशीमुळे. मावशीचं पहिलं लग्न मुंबईला झालं. नवरा मारायचा. एकदा तिचा हात मोडला. संसदेनं 2001 साली कायदा बदलला आणि ख्रिस्ती बाईला नुसत्या छळाच्या कारणावरही घटस्फोट मागता येऊ लागला, त्यानंतर तिची कोर्टातून सुटका झाली. मग गोव्यात परतून तिनं एका भल्या माणसाशी रजिस्टर लग्न केलं. चर्चच्या लेखी पहिलं लग्न अजून उभंच आहे. म्हणून वीस वर्षं तिला कुमगार नाही (इतरांसाठी सांगते, कुमगार म्हणजे परमप्रसाद, मिसमध्ये, चर्चमधल्या मुख्य उपासनेत, मिळते ती पवित्र भाकर).

आल्तारवरची, म्हणजे चर्चच्या वेदीवरची लेस तिनं विणलेली आहे. दर शनिवारी ती धुते, खळ घालते, इस्त्री करून वर्तमानपत्रात गुंडाळून नेते. आयतारी (रविवारी) मिसला शेवटच्या बाकाच्या कडेला बसते. कुमगारची वेळ झाली की पर्स मांडीवर ओढून घेते, गुडघे आडवे करते, आणि आतली माणसं तिच्यासमोरून रांगेत जातात. तिकडे मुंबईला, ज्यानं हात मोडला तो कुमसार करून (पाद्रीपुढे पापं कबूल करून) दर आयतारी कुमगार घेतो, असं नात्यातलेच सांगतात. त्यानं दुसरं लग्न केलं नाही ना.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. यंदा दोतोर्नला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसली तर पुढच्या वर्षी पहिलं कुमगार. मागच्या आयतारी तिनं विचारलं, “मावशीआजी का उठत नाही?” मी म्हटलं, तिचे पाय दुखतात. इगर्जीत, चर्चमध्ये बसून मी माझ्या लेकीशी खोटं बोलले. तेव्हापासून झोप नाही. ज्या शिकवणीचा अर्थ मला तिला खरा सांगता येत नाही, त्या वर्गात तिला घालावं का?

सासष्टीकर
ताई, वाचून वाईट वाटलं. पण निकाल देण्याआधी थोडं ऐका. मावशीला चर्चनं बाहेर काढलेलं नाही, ती मिसला येते, तिची सेवा चालते. लग्न मोडता येत नाही ही शिकवण कुणा पाद्रीनं रचलेली नाही, शुभवर्तमानात येशूच्याच तोंडी आहे. आणि वाट बंदही नाही. लग्न मुळातच वैध नव्हतं असं ठरवण्याची प्रक्रिया पोप फ्रान्सिसनी 2015 साली सोपी केली. पूर्वी एकसारखे दोन निकाल लागायचे, आता एक पुरतो. 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या त्यांच्या पत्रात तर अशा जोडप्यांची परिस्थिती एकेक करून समजून घ्या असं सांगितलंय, आणि काहींच्या बाबतीत साक्रामेंतांची (कुमसार, कुमगार अशा पवित्र विधींची) मदतही होऊ शकते असं तळटीपेत आहे. मावशीनं कधी विचारलं का? की वीस वर्षं कुणी काही न सांगता ती आपणच बाकावर बसून राहिली?

कारभार नको म्हणणं सोपं आहे. पण तुमच्या आजीला तेर्स कुणी शिकवला? फादर थॉमस स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण मराठी ओवीत लिहिलं, जवळजवळ 11 हजार ओव्या, 1616 साली राशोलला छापलं. एकट्यादुकट्या भाविकाला ते झालं नसतं. पाठीशी संस्था होती म्हणून शुभवर्तमान आपल्या बोलीत आलं.

इतिहासवाचक
त्याच संस्थेचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं न्यायालय, 1560 पासून 1812 पर्यंत गोव्यात चाललं, मधली चारेक वर्षं सोडली तर. आणि 1684 मध्ये व्हाइसरॉयनं तीन वर्षांत इथली भाषा सोडून पोर्तुगीज बोला असा हुकूम काढला, तेव्हा त्यामागे धर्मगुरूच होते. वाळवंटीकाठ, तुम्हाला एका बाकावरून शंका आली याचंच नवल वाटतं. मूळ घरी परत या, एवढंच म्हणेन.

वाळवंटीकाठ
@इतिहासवाचक, मी घरीच आहे. माझी आजी, पणजी, तिची आई याच मातीत आहेत, सिमितेरीत (चर्चच्या दफनभूमीत). इन्क्विझिशनचा छळ माझ्याच पूर्वजांनी सोसला, कारण ते न्यायालय बाप्तिस्मा झालेल्यांवरच जास्त नजर ठेवून असे. चुलीपुढे जुनं गाणं म्हटलं, भात शिजवताना मीठ घातलं नाही, यावरून माणसं पकडली गेली. ते दुःख मला कुणी उसनं द्यायला नको. माझी शंका घेऊन माझ्याच माणसांवर धावून जाऊ नका, ही विनंती.

@सासष्टीकर, तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे. मावशीनं एकदा विचारलं होतं, तेव्हाच्या विगाराला (गावच्या चर्चच्या मुख्य पाद्रीला), दुसऱ्या लग्नानंतर दोन वर्षांनी. “प्रार्थना करत राहा” एवढंच उत्तर मिळालं. पुढे 2015 आणि 2016 ची गोष्ट तिला कुणी सांगितली नाही. मला तुमच्याकडून आज कळली. लेस मात्र दर शनिवारी घेतली गेली.

फोंड्याचा शेजारी
मी हिंदू, तुमच्या घरात बोलावं की नाही असं वाटत होतं. पण हे आमच्याकडेही आहे. कुठ्ठाळीहून मंगेश, केळशीहून शांतादुर्गा, सोळाव्या शतकात लोकांनी देव रातोरात नदीपार इकडे आणले. आज त्या देवळांचा कारभार महाजन, म्हणजे देवळावर हक्क असलेली घराणी, पाहतात, 1933 च्या पोर्तुगीज नियमावलीनं घराण्यांच्या याद्या झाल्या, आणि मान कुणाचा, पालखीला खांदा कुणाचा, हे अजून त्यावरच चालतं. या रागापायी मी देवळात जाणं सोडलं, मुलाची मुंज केली नाही.

मुलगा आता बावीसचा आहे. गेल्या जत्रेला आग्रह करून नेला. तो पालखीजवळ उभा होता, पण हात जोडायचे की नाही हे त्याला ठरवता येईना, म्हणून मोबाइल काढून फोटो घेत राहिला. भांडायला तरी आत काहीतरी असावं लागतं. माझ्या रागाची शिक्षा त्याला झाली असं मला वाटतं. ताई, मुलीला पाठवा. मग ती भांडेल.

रात्रपाळी
मी नेमकं उलट सांगेन. मी ख्रिस्तांव, नर्स, पंधरा वर्षं मिसला गेलेली नाही. आठव्या वर्षी मला पापांची यादी करायला शिकवलं. कुमसारच्या आदल्या रात्री मी पापं आठवत रडले होते, सापडेनात म्हणून एक खोटंच रचलं, आणि मग खोटं सांगितल्याचं पाप वर्षभर पोटात ठेवलं. मूल मोठं होऊ द्या. पंधरा-सोळाला स्वतः मागेल तर जाऊ दे.

तरीही एक सांगायला हवं. रात्री दोन-तीनला पेशंट शेवटच्या घटका मोजायला लागला आणि घरच्यांनी पाद्रीला बोलवा म्हटलं की फोन मीच करते. कपाळाला तेल लागलं की काहींच्या मुठी उघडतात, चादर सोडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला मिस नको, पण ते तेल जगातून जाऊ नये असं वाटतं. हे जुळत नाही, मला माहीत आहे.

सासष्टीकर
@रात्रपाळी, ते तेल दर वर्षी पवित्र आठवड्यात बिशप आशीर्वादित करून गावोगाव पाठवतात. त्यालाच आपण इथे कारभार म्हणतोय. तो मोडला तर रात्री तीनला फोन कुणाला कराल?

आणि चर्च बदलत नाही असं नाही. 12 मार्च 2000 ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावानं केलेल्या जबरदस्तीबद्दल उघड क्षमा मागितली. वेळ लागतो, पण बदलतं.

वाळवंटीकाठ
वेळ लागतो, हेच मला सहन होत नाही. आजीचं पहिलं मूल दोन दिवसांचं गेलं, बाप्तिस्म्याआधी. त्याला सिमितेरीच्या कुंपणाबाहेर पुरलं, कारण तशी बाळं स्वर्गात जात नाहीत, लिंबोत राहतात, असं तिला सांगितलं गेलं. तेर्स संपल्यावर सगळे उठले तरी ती एक ‘नमान मारिये’ (मारियेची प्रार्थना) मनातल्या मनात जास्त म्हणायची. ते कशासाठी हे मला आईनं खूप उशिरा सांगितलं. 2007 साली रोमच्या ईशशास्त्र आयोगानं म्हटलं की अशी बाळं तरतील अशी आशा धरायला सबळ कारणं आहेत. आजी 1999 ला गेली.

सासष्टीकर
लिंबो हा श्रद्धेचा अधिकृत सिद्धांत कधीच नव्हता, हे तुम्हाला माहीत असेल. पण तुमच्या आजीला ते कुणी सांगितलं नाही, हेही खरं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, ताई. फक्त एक करा. मुलीचं नंतर ठरवा, आधी मावशीला घेऊन विगाराकडे जा. मडगावला आलात तर मीही बरोबर येईन.

वाळवंटीकाठ
काल संध्याकाळी मावशीकडे गेले. दोतोर्नचा फॉर्म पर्समध्येच होता, अजून भरलेला नाही. ती इस्त्री करत होती आणि माझी लेक लेसची दोन टोकं ताणून धरून उभी होती. मी 2015 चं सांगितलं, 2016 चं सांगितलं, म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर, विगाराशी मी बोलते. तिनं इस्त्री उभी करून ठेवली. लेकीच्या हातातली टोकं घेऊन नीट जुळवली, घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाये, वीस वर्सां जालीं. आतां हात फुडें करूंक म्हाका भंय दिसता.”