मदत हवी आहे : बाबांचं जेवणावरचं आणि सगळ्यावरचंच मन उडालंय

ओंजळ : बाबा तीन महिने उदास आहेत. दोन घास खाऊन ताट सरकवतात. काल चमचा हातात धरून दहा मिनिटं नुसते बसून होते. आहाराने नैराश्य जातं असं वाचलंय. नेमकं काय खायला देऊ? लवकर सांगा, बघवत नाही हो.

सावली : वय? गोळ्या कुठल्या? वजन उतरलंय का?

मोरपीस : ड जीवनसत्त्व द्या, डोळे झाकून. माझी आई पार पालटली त्याने.

कंदील : डोळे झाकून नको. व्हायटल-डेप नावाच्या अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय प्रयोगात पन्नाशीपुढचे १८,३५३ जण होते. निम्म्यांना रोज २,००० युनिट ड दिलं, पाच वर्षांहून जास्त. नैराश्य टळलं नाही.

मोरपीस : चाचणी तुमची, आई माझी. मी फरक पाहिलाय.

कंदील : त्यांना कमतरता असेल, ती भरून निघाली. म्हणून तर आधी तपासायचं. आहाराचा उपयोग होतो. ऑस्ट्रेलियातल्या स्माइल्स चाचणीत (२०१७) भाज्या, फळं, कडधान्यं, मासे वाढवून १२ आठवड्यांत ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, ज्यांना आहाराऐवजी नुसती गप्पांची सोबत दिली त्या गटात ८ टक्के. पण माणसं ६७च होती, आणि बहुतेकांचे उपचार चालूच होते.

पायवाट : साखर सोडा. माझं सात किलो वजन उतरलं.

सावली : अहो, त्यांचं वजन उतरवायचं नाहीये! ओंजळ, गोळ्या सांगा ना.

ओंजळ : वय ७४. मधुमेहाची मेटफॉर्मिन बारा वर्षं, पित्ताची गोळी रोज. नेहमीचंच म्हणून लिहिलं नाही.

सावली : तेच तर महत्त्वाचं. दोन्हींमुळे बी-१२ कमी होऊ शकतं. मग उदासी, विसरभोळेपणा, पायाला मुंग्या. बी-१२ आणि थायरॉइड तपासा. गोळ्या मनाने बंद करू नका. नुसतं फोलिक ॲसिडही सुरू करू नका, रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा बिघडत राहतात. कवळी आहे का? जगण्याबद्दल काही बोलतात?

ओंजळ : आत्ता तोंड बघितलं. कवळीखाली हिरडीला फोड आहे, कुणाला बोललेच नाहीत. आणि परवा म्हणाले, ‘आता कशासाठी?’ मला वाटलं, जेवणाबद्दल म्हणतायत.

सावली : आजच डॉक्टरांना फोन करा, हे शब्द जसेच्या तसे सांगा. बाबांनाही सरळ विचारा, जीव नकोसा झालाय का. विचारल्याने काही वाढत नाही. तोवर एकटं ठेवू नका. रात्री मऊ काहीतरी करा आणि तुमचं ताटही त्यांच्याशेजारी घ्या.

ओंजळ : फोन लावतेय.