विषय: दिवाळी अंक, ‘आमची बॅच’ सदर (रविवारपर्यंत पाठवा!!)

मंडळी,
‘आमची बॅच’ सदर अजून अर्धंच भरलंय. आलेल्या पाच लेखांपैकी चारांमध्ये सरांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला बेडूक आहे, महाराष्ट्रात एवढे बेडूक होते मला माहीतच नव्हतं. जरा वेगळं काहीतरी लिहा ना. फोटो असेल तर स्कॅन करून पाठवा, मोबाइलने फोटोचा फोटो नको, त्यात पंखा दिसतो.
– अंक समिती

*

समिती,
बेडूक माझाच होता आणि तो खरा होता. असो. आमची बॅच ऐतिहासिक आहे, १९७५. जुनी अकरावी शेवटची आणि नवी दहावी पहिली, दोन्ही एकाच वर्षी बोर्डाला बसले. मी दहावीला, थोरला भाऊ अकरावीला, घरात एकच टेबल. आई म्हणायची दोघं मिळून एकदाच नापास व्हा म्हणजे पेढ्यांचा खर्च वाचेल. दोघंही पास झालो आणि पुढं अॅडमिशनला ही गर्दी. वाढवून लिहू का?
– तुमचा काका, कँटन, मिशिगन

*

काका, वाढवून लिहाच.

माझी बॅच मार्च ९४, लातूर, दहावी ब. अ मध्ये हुशार, क मध्ये दांडगे आणि आम्ही ब, म्हणजे सरांना नावं पाठ नसलेले. यंदा तीस वर्षं झाली म्हणून जूनमध्ये गेट-टुगेदर होतं, मी गेलो होतो, सकाळी नाश्त्याला सुशीला आणि धपाटे, मग तेच ते, कोण कुणाच्या मागं सायकल घेऊन गंजगोलाईपर्यंत जायचा वगैरे. मजा आली. पण लेख लिहायला बसलो तर त्यातलं काहीच येईना, एकच गोष्ट येतेय, ती अंकात बसेल का बघा.

आमचं दहावीचं वर्ष म्हणजे भूकंपाचं वर्ष. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाला नाचून पाय दुखत होते, भांडी पडल्याचा आवाज आला आणि आजी ‘पोरं बाहेर काढा’ म्हणून ओरडली एवढंच आठवतंय. शहरात भिंतींना तडे गेले, पण किल्लारी चाळीसेक किलोमीटरवर, तिकडं गावंच्या गावं गेली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचा मातीचा थर, उन्हाळ्यात ती घरं इतकी गार की आम्ही सुट्टीत मुद्दाम जायचो, आणि त्याच मातीखाली माणसं गेली, लातूर-उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास. वरून पाऊस. आम्ही दिवाळीपर्यंत घरासमोर रस्त्यावर झोपलो, आणि खरं सांगतो, आम्हा पोरांना ते आवडलं होतं.

वर्गात तिकडचा एक जण होता, मामाकडं राहून शिकायचा. विसर्जनाला गावी गेलेला, रात्री मंडपातच पोरांबरोबर झोपला म्हणून वाचला. घरातलं कुणी राहिलं नाही. दिवाळीनंतर शाळेत आला. तो यायच्या आदल्या दिवशी सरांनी दार लावून सांगितलं, ‘त्याच्यापुढं तो विषय काढायचा नाही. कुणी काढला तर गाठ माझ्याशी आहे.’ आम्ही सरांचं दुसरं काहीच कधी ऐकलं नाही, हे मात्र ऐकलं.

तो आला तो मदतीत मिळालेल्या स्वेटरमध्ये. जाड, हिरवा, छातीवर हरणाचं चित्र, बाह्या दोनदा दुमडलेल्या. लातूरच्या उन्हात. आम्ही स्वेटरबद्दलही विचारलं नाही. बोर्डाचा फॉर्म भरताना पालकांच्या सहीची जागा आली तेव्हा सगळा वर्ग आपापल्या फॉर्मकडं असा बघत बसला की जणू त्यात क्रिकेटचा स्कोअर छापलाय. मामानं सही केली. जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराचा पोलीस बंदोबस्त, फेब्रुवारीत निरोप समारंभ, मार्चमध्ये पेपर, संपलं.

आता जूनमध्ये जेवणं झाल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. औशाला खताचं दुकान आहे, मुलगी फार्मसीला. इकडचं तिकडचं झालं आणि एकदम म्हणाला, ‘तुम्ही लई वाईट वागलाव बे त्या वर्षी.’ मी गार. म्हटलं आम्ही तर एक शब्द काढला नाही. तर म्हणाला, ‘शब्दाचं सोड. कबड्डीत मला कुणी पकडंनाच झालं. रेडला गेलो की सगळे बाजूला. आधी तू माझा पाय धरून फरफटत न्यायचास, गुडघा फुटला होता माझा. नंतर नुसता हात लावून आलो तरी पॉइंट. मग मी खेळायचंच सोडलं.’

मला हे आठवतच नव्हतं. स्वेटर आठवतो, हरीण आठवतं, हे नाही. आणि तो रागानं नाही, हसत सांगत होता, गुडघ्याची खूण पण दाखवली पँट वर करून.

समिती, बेडूक नाही, सॉरी.
– लातूरवाला, नोव्हाय

*

दादा,
मी पण ९४ चीच, सोलापूरची. आमच्याकडं तेव्हा सिव्हिल हॉस्पिटल जखमींनी भरलेलं. वर्गात मधेच उमरग्याकडची एक मुलगी आली आणि आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे आम्ही रोज मधल्या सुट्टीत तिच्याभोवती बसून विचारायचो, मग काय झालं, मग काय झालं, आवाज कसा आला. तीही सांगायची. पंधरा दिवसांनी तिनं डबा खायला वर्गात थांबणंच बंद केलं, नळाजवळ उभी राहून खायची. त्यामुळे विचारलं असतं तर बरं झालं असतं असं काही मला वाटत नाही बाई. तुमचा लेख छापा, माझं हे छापू नका.
– ट्रॉयची ताई

*

ताई, लातूरकर,
मी बेडूक मागं घेतो. १९७५ वर एक पान पुरे, उरलेली जागा यांना द्या. आणि लातूरकर, कबड्डीत परत पकडलंत की नाही त्याला?
– काका

*

काका, पन्नाशीला आलो आम्ही, पकडलं असतं तर दोघंही अॅडमिट. पण निघताना त्यानं पार्किंगमध्ये माझ्या पोटरीवर मागून लाथ घातली, चांगली जोरात, दोन दिवस लंगडत होतो, विमानात पाय सरळ करता येईना.

समिती, निरोप समारंभाचा फोटो सोबत जोडलाय, नीट स्कॅन केलाय, पंखा नाही. दुसरी रांग, डावीकडून चौथा, स्वेटरवाला. छापायचं का म्हणून काल त्याला विचारलं. उत्तर आलं, ‘टाक की. पण खाली लिही, स्वेटर माझा नव्हता.’