प्रति: लोकल नाही तर गाडी काढावीच लागते

वरचे भाऊ म्हणताय की खान्देशात मुंबईसारखी लोकल नाही म्हणून एकट्याला गाडी काढावीच लागते, हे निदान भुसावळ-जळगावपुरतं तरी मला पटत नाही. अपडाऊनवाले कितीतरी जण वर्षानुवर्षं रेल्वेच्या पासावर जाताहेत, आणि रेल्वेची वेळ जुळत नसेल तर एसटीचा मासिक पास आहेच, 20 दिवसांचं भाडं भरा आणि 30 दिवस फिरा, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. खरी अडचण जळगावला उतरल्यावर सुरू होते, स्टेशनपासून एमआयडीसी लांब, रोज रिक्षा केली तर पासात वाचलेले पैसे तिथेच जातात. त्यावर आमच्या डब्यातल्या काही जणांनी जुनी सायकल घेऊन स्टेशनजवळच्या स्टँडवर कायमची ठेवलीय, सीटला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, मडगार्डवर धूळ, पण उतरलं की कुलूप काढून सरळ निघायचं. मीही तेच करतो. एप्रिल-मे मध्ये दुपारच्या शिफ्टला उन्हात जीव जातो हे खरंय, तेव्हा आम्ही तिघं-चौघं मिळून एकच रिक्षा ठरवतो. कंपन्यांनी शिफ्ट सुटायच्या वेळेला स्टेशनपर्यंत एक बस जरी सोडली ना, तरी जळगावातल्या अजिंठा चौफुलीवरच्या किती बाईक कमी होतील बघा.